मुंगसाचा माणूस

१९५५ साल. माझं वय एकवीस. बांधावरून भावाशी भांडण झालं म्हणून माण तालुक्यातलं गाव सोडलं आणि पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर गवंडी म्हणून लागलो. म्हणजे गवंड्याच्या हाताखाली लागलो. पण पहिल्या दिवसापासून मी लोकांना गवंडी असंच सांगत होतो आणि पुढं झालोही, तेव्हा त्यात खोटं काही नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. चूक मास्तरांची होती.

पिंपरीत तेव्हा अंग टाकायला जागा मिळत नव्हती. बरोबरचा एक मजूर म्हणाला, "चिखलीला एका म्हाताऱ्याकडं खोली रिकामी हाय. पण तिथं कोण टिकत न्हाई."

"का? भूत हाय का?"

"भूत परवडलं राव. मुंगूस हाय."

त्या म्हाताऱ्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांची भावकी अजून चिखलीत आहे आणि मला त्या रस्त्यानं जावं-यावं लागतं. आम्ही भाडेकरू त्यांना मालक म्हणायचो. गावही म्हणायचं, फक्त गाव म्हणताना जरा हसायचं.

मी खोली बघायला गेलो तेव्हा ओसरीवर एक चौरंग होता. चौरंगावर घडी घातलेलं घोंगडं, घोंगड्यावर मुंगूस, आणि मालक खाली जमिनीवर. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, गळ्यात तुळशीची माळ. मिशी एका बाजूला नीट कातरलेली आणि दुसऱ्या बाजूला रान माजलेलं. त्या बाजूला नाक घासायला मुंगसाला आवडतं म्हणून ती बाजू ते कातरत नसत, हे मला पुढं कळलं.

"सरकार, खोलीसाठी आलाय ह्यो," मालक मुंगसाला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "गाव का सोडलंस?"

"कामासाठी."

मुंगसाचं शेपूट बाजरीच्या कणसासारखं फुललं.

"खोटं," मालक म्हणाले. "सरकारांपुढं चालत न्हाई. पुन्यांदा सांग."

मला असा राग आला की पडशी उचलून चालू लागावं. पण पाय दुखत होते. "भावाशी भांडून आलो," मी म्हणालो.

शेपूट हळूहळू खाली बसलं.

"आता कसं! घे खोली. पलीकडं कोकणातला सुतार ऱ्हातोय, विश्राम. त्याला तर दुपारपस्तोर इचारत बसलो हुतो."

आता खरं सांगतो. त्या वेळी समोरच्या भिंतीवरून मांजर चाललं होतं. शेपूट त्या मांजरामुळं फुललं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मालकांना हे मी कितीदा सांगितलं, तर ते म्हणायचे, "मांजर त्या भिंतीवरनं रोज जातंय. तू काय रोज खोटं बोलतोस?" यावर काय बोलायचं ते मला बऱ्याच वर्षांनी सुचलं. तोवर ऐकायला ते राहिले नव्हते.

मुंगसाला ते 'अहो-जाहो' करायचे आणि आम्हाला 'अरे-तुरे'. सरकार उठले, सरकार उन्हात बसलेत, सरकारांचं आज पोट बरं नाही. विश्राम कुजबुजायचा, "मेल्या, इंग्रज गेला, आणि आपल्या नशिबी हा सरकार आला." मालकांचा कान तिखट. ते आतून ओरडायचे, "इश्राम, सरकारांनी ऐकलं बरं का!"

या सगळ्याच्या मुळाशी होता खालचा मुलूख. आपल्या पायाखाली, वारुळांच्याही खाली एक मुलूख आहे, असं मालक सांगायचे; आणि सांगताना एवढं बारीक सांगायचे की जणू परवाच तिथून बाजार करून आलेत. तिथं मूल जन्माला आलं की त्याच घटकेला कुठल्या तरी वारुळात मुंगसाचं पिल्लू जन्मतं. ते चालत चालत पाळण्यापाशी येतं. ते येईपर्यंत पोराचं बारसं करत नाहीत, कारण नाव तेच सांगतं. मग आयुष्यभर ते पुढं आणि माणूस मागं. सोयरीक जुळवायची तर आधी दोन्हीकडची मुंगसं एकमेकांचा वास घेतात. त्यांचं जमलं नाही तर वऱ्हाड जेवून परत. दोन शेजारी भांडले तर माणसांना घरी पाठवून मुंगसं समोरासमोर बसतात. तिथं कोर्ट नाही, शपथ नाही, कुलूप नाही. खोटं बोललं की शेपूट फुलतं, मग बोलायचं कुणी?

"मग तिथली माणसं करत्यात काय दिवसभर?" मी विचारलं.

"गप ऱ्हात्यात," मालक म्हणाले. "लई सुखात हायेत."

आणि खालच्या मुलखात माणूस मेला की त्याचं मुंगूस वर येतं, आपल्यात. आपल्या माणसासारखा वास कुणाला येतो ते शोधत हिंडतं. ज्याला आला त्याच्यापाशी राहतं. "लोक म्हणत्यात मी मुंगूस पाळलंय," मालक म्हणायचे. "उलटं हाय ते. सरकारांनी मला पाळलंय."

मालकीणबाई वारल्या त्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना हे पिल्लू कपारीत सापडलं होतं. मूलबाळ नाही. भावकी होती, पण ती बांधापुरती. एवढं कळल्यावर मी खालच्या मुलखाबद्दल आडवे प्रश्न जरा कमी केले. बंद नाही केले. पटत नाही ते पटत नाही.

मालकांच्या गळ्यात माळ, म्हणजे घरात मासमच्छी बंद. पण सरकारांना भाकरी-आमटी कशी चालणार? त्यावर मालकांनी तोड काढली होती. परसात तीन दगडांची वेगळी चूल. त्यावर विश्राम सुके बोंबील भाजायचा, आणि मालक तिकडं पाठ करून, नाकाला उपरणं लावून विचारायचे, "झाले का? करपवू नको हां. मागल्या येळी करपले हुते, सरकार उपाशी उठले."

"मालक, माळकरी माणसाच्या परसात बोंबील?" मी डिवचायचो.

"माळ माझ्या गळ्यात हाय. सरकारांच्या गळ्यात दिसती का तुला?"

विश्राम त्या चुलीवर स्वतःसाठीही चार बोंबील जास्त भाजायचा. मालकांना ते माहीत होतं. त्याला ते 'सरकारी प्रसाद' म्हणायचे आणि पुन्हा पाठ करायचे.

आपल्याकडं सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, काम होतं, असं मानतात. कारखान्यात भरती असली की चिखलीची, मोशीची, कुठकुठली माणसं उजाडताच मालकांच्या दारात उभी राहायची. धुतलेली टोपी, हातात चपला. मालक ओसरीवरून एकेकाला पुढं घ्यायचे, देवळातल्या पुजाऱ्यासारखे. "शिंकू नका. विडी इझवा. एकेकानं या." एकदा सरकार काही केल्या उठेनात. दारात ही गर्दी. एकजण हात जोडून म्हणाला, "मालक, जरा हलवा की त्यांस्नी. भरती नवाला हाय."

"सरकार झोपलेत," मालक म्हणाले. "कारखान्याला सांग, भरती उद्या ठेवा."

तो माणूस रडकुंडीला आला. शेवटी झोपलेल्या मुंगसाचं दर्शन घेऊन गेला आणि त्याला काम लागलं. मग त्यानं पेढे आणले. पेढे मालकांनी खाल्ले. "सरकारांना गोड चालत न्हाई," म्हणाले.

असं सगळं बरं चाललं होतं. मग गंगूमावशीच्या खुराड्यातली अंडी जायला लागली.

गंगूमावशी म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. नवरा लवकर गेला, पोरीचं लग्न झालेलं, आणि पोटापाण्याला कोंबड्या. अंडी आणि तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या, घेऊन ती चाकणच्या बाजाराला चालत जायची. बाई काटक आणि तोंडानं धारदार. तिचं खुराडं मालकांच्या परसाच्या भिंतीला टेकून उभं होतं. मातीच्या भिंती, वर कुडाचं झाकण.

"अहो मालक!" एका सकाळी भिंतीवरून डोकं वर आलं. "तुमचं सरकार माझ्या खुराड्यात शिरलं हुतं."

"सरकार असं करायचे न्हाईत."

"मग अंडी काय माझ्या मेलेल्या सासूनं खाल्ली?"

"साप असंल."

"साप असता तर तुमच्या सरकारनं त्याला सोडला असता व्हय? का त्यांची भागी हाय?"

सरकार चौरंगावर बसून पंजा चाटत होते.

पुढच्या आठवड्यात प्रकरण अंड्यांवर राहिलं नाही. मावशीची ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, पिल्लं निघायला आली होती. मावशी नदीवर धुणं धुऊन येते तो खुराड्यात पिसंच पिसं. कोंबडी गेली, अंडी गेली. बाई रडली नाही. कोयता घेऊन भिंतीपाशी उभी राहिली आणि सबंध आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आता दिसलं की मुंडकं उडवीन. मग मला पाप लागू दे न्हाईतर काय बी होऊ दे."

मुंगूस मारणं म्हणजे गावाला थरकाप. आणि मावशी बोलली म्हणजे करणार. म्हणून त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर पाटलांनी मारुतीच्या पारावर दोघांना बोलावलं. त्याआधी पाटील आणि चार जाणती माणसं खुराडं बघून गेली. भिंतीच्या बुडातून उकरून बीळ केलेलं होतं. सगळ्यांनी वाकून वाकून ते बघितलं. एकानं त्यात हात घालून बघितला. "हे मुंगसाचंच," असा सगळ्यांचा निकाल पडला आणि मंडळी धोतर झटकून पाराकडं निघाली. मीही त्यांच्यात होतो.

मालक सरकारांना मांडीवर घेऊन बसले. सरकार गाढ झोपलेले. पोटाला तड लागली होती, दुसरं काय.

पाटील म्हणाले, "राव, मुंगसाचा न्याय कसा करायचा आमाला काय ठाव न्हाई. पन तुमचा त्यो खालचा मुलूख हाय न्हवं? त्याच कायद्यानं बोला. तुमाला बी मान्य आन् मावशीला बी. काय गं मावशी?"

"मला कुठला बी मुलूख चालंल. माझी कवडी गेली."

पाटील हे चेष्टेनं म्हणाले की मनापासून, ते मला आजवर कळलं नाही. गावाचं तसंच होतं. दिवसा हसणारी माणसं भरतीच्या सकाळी हात जोडून उभी असायची.

"मग सांगा," पाटील म्हणाले, "मावशीची कोंबडी तुमच्या सरकारांनी खाल्ली का न्हाई?"

मालकांनी मांडीवरच्या शेपटीकडं बघितलं. सगळा पार शेपटीकडं बघायला लागला. मीसुद्धा, आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या वेळी मालकांनी नुसतं 'न्हाई' म्हणायचं होतं. कोंबडी खाऊन पडलेलं ते जनावर, कानाशी ताशा वाजवला असता तरी त्याचं शेपूट हललं नसतं. माणसं हसत घरी गेली असती, मावशी चार दिवस ओरडली असती. मालकांना हे कळत नव्हतं असं नाही. मुंगूस किती गाढ झोपतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

"खाल्ली," मालक म्हणाले.

सगळ्यांच्या माना शेपटीवरून मालकांकडं वळल्या.

"मी बघितलं. तोंडाला पीस हुतं. मीच पुसलं उपरण्यानं."

मावशीनं डोळे मोठे केले आणि कमरेवरचे हात खाली घेतले. हे पहिल्यांदा बघितलं मी.

पाटील माणूस सरळ. त्यांनी लगेच गाठ सोडवायला घेतली. "झालं तर मग. कबूल केलंत, बरं केलंत. दिवसा दोरी लावून बांधा खांबाला, म्हणजे मिटलं. काय मावशी?"

"दोरी लावा, माझं काय म्हननं न्हाई," मावशी म्हणाली.

"खालच्या मुलखात दोरी न्हाई," मालक म्हणाले.

"अहो, ह्यो वरचा मुलूख हाय!"

"मग सरकार वरच्या मुलखात ऱ्हाणार न्हाईत."

पाटलांनी समजावलं, दुसऱ्यानं समजावलं, विश्रामनं लांब रेशमी दोरी आणून देतो म्हणून सांगितलं. मी म्हणालो, "मालक, हट्ट सोडा." त्यावर ते माझ्याकडं बघून नुसते हसले. शेवटी मालकांनीच निकाल दिला: सरकारांनी सूर्य मावळायच्या आत नदी ओलांडायची, पलीकडं निघोज्याच्या शिवारात जायचं. आणि सरकारांच्या मागं त्यांनीही.

"तुमी कशाला?" मावशी तटकन उठली. "तुमी काय कोंबडी खाल्ली?"

"पीस मी पुसलं, मावशी."

घरी येऊन त्यांनी एक वळकटी बांधली. तांब्या, तवा, घोंगडं. चौरंग राहू दे म्हणाले, तिकडं चौरंगाचं काम नाही. शेत नदीपलीकडंही थोडं होतं, त्यात राखणीची एक खोप होती, गवतानं शाकारलेली. पावसाळ्यात तिथं बैलसुद्धा उभा राहिला नसता. घराची किल्ली माझ्याकडं दिली. "इश्रामकडं दिऊ नको. त्याच्याबद्दल सरकारांचं मत पक्कं न्हाई."

वळकटी मी घेतली, भांडी विश्रामनं. फाल्गुन संपत आलेला, इंद्रायणीला गुडघ्याएवढं पाणी. मालक पुढं, सरकार त्यांच्या मुंडाशाला धरून खांद्यावर. पाण्याच्या मधोमध मालक थांबले आणि म्हणाले, "सरकार, पाय वर घ्या, भिजताल." मला हसू आलं आणि दुसरंही काहीतरी आलं. मी वळकटी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.

पलीकडं काठावर मालकांनी त्यांना खाली ठेवलं. आणि सांगू? त्या मुंगसानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. सळकन गवतात गेलं. शेंडे हलले, मग तेही थांबले.

"जागा बघायला गेलेत," मालक म्हणाले.

"येतील का?" विश्रामनं विचारलं.

"येतील की. माझा वास हाय हितं."

खोपीत वळकटी ठेवून आम्ही निघालो. मालक खोपीच्या तोंडाशी बसून राहिले, गवताकडं तोंड करून. शेजारी जमिनीवर घोंगड्याची घडी घालून ठेवली होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

परतताना पाण्यात माझं आणि विश्रामचं भांडण जुंपलं. तो म्हणे मालकांचं डोकं फिरलं, मी म्हणे पाटलांचं. तो म्हणे मावशीनं एवढं ताणायला नको होतं, मी म्हणे बाईनं खायचं काय? असं करता करता काठाला लागलो आणि मी जागीच थांबलो.

"विश्राम, खुराड्याला पाया हाय का रे?"

"कसला पाया? मातीवर माती."

"मग सगळे वाकून बघत काय हुतो आपण?"

विश्राम आजही सांगतो की हे त्याच्या डोक्यात आलं. तो कोकणातला सुतार. पाया त्याच्या डोक्यात येईल कुठून? ते माझ्याच डोक्यात आलं. एवढी जाणती माणसं, एक पाटील, एक गवंडी. मुंगसावर आरोप ठेवला, साक्ष घेतली, शिक्षा दिली, हद्दपार केलं, आणि ज्या बिळात सगळ्यांनी डोकं घालून बघितलं ते बुजवायचं कुणाला सुचलं नाही. खालच्या मुलखाचा कायदा आम्ही एवढा मनावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. मालकांच्या परसातली पहार घेतली, भिंतीवरून उडी मारली आणि कोंबड्या बाहेर हाकलून खुराडं पाडायला घेतलं. दुसऱ्या घावाला मावशी बाहेर आली.

"अरं मुडद्या! मुंगसानं कोंबडी खाल्ली, तू घर खायला निघालास व्हय?"

"पाया घालतोय."

"कोंबड्यांला पाया?"

"दगडाचा. उकरून उकरून नखं झिजली तरी आत येणार न्हाई."

"आन् तुझी हजेरी?"

"बुडू दे. मालकांना माघारी आणायचं का न्हाई?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भिंतीपलीकडच्या ओसरीकडं तिनं एकदा बघितलं. सकाळच्या वेळी तिथून येणारं बोलणं त्या दिवशी येत नव्हतं. मग पदर खोचून ती ओढ्याकडं निघाली. आली ती डोक्यावर पाटीभर दगड घेऊन, आणि पाटी माझ्या पायाशी आदळत म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय? आनखी हातभर जा खाली. तुला ठाव न्हाई ते किती उकरतंय."

मी हातभर खाली गेलो. तळ चोपला, पाटीतला सगळ्यात रुंद दगड निवडून कोपऱ्यात बसवला, दोन्ही हातांनी हलवून बघितला, आणि हलत नाही म्हटल्यावर दुसरा घेतला.